सत्ता : वारसा की अमानत?

पिता निवर्तला की त्याचे घर, शेत आणि दागिने वारसांकडे जातात. कोणाला किती मिळावे हे माणसाच्या लहरीवर न सोडता दिव्य कुरआनने सूरह अन-निसामध्ये हिस्से ठरवून दिले आहेत. मुलगा, मुलगी, पत्नी, आई, कोणालाही वगळलेले नाही. त्याच सूरहच्या ५८ व्या आयतीत दुसरा आदेश येतो : अमानती पात्र व्यक्तींकडेच सोपवाव्यात आणि निवाडा न्यायाने करावा. राज्यसत्ता या दोहोंपैकी कोणत्या आदेशाखाली येते?

हा प्रश्न केवळ ग्रंथांतला नाही. कोकणातील कितीतरी मुस्लिम घरांचे कर्ते पुरुष कुवेतमध्ये नोकरीला आहेत. त्या देशाचेच उदाहरण पाहू. १९६२ च्या राज्यघटनेनुसार कुवेत ही वंशपरंपरागत अमीरात आहे आणि तिचा अमीर शेख मुबारक अस्-सबाह यांच्या वंशातलाच असतो. मात्र हीच घटना सार्वभौमत्व राष्ट्राचे आहे असेही सांगते. नव्या अमीराने वर्षाच्या आत युवराज सुचवायचा आणि लोकनियुक्त मजलिसे-उम्मतने बहुमताने त्याची बैअत करायची, अशी तरतूद तिच्यात आहे. नाव मान्य न झाल्यास अमीराने त्याच वंशातील किमान तीन नावे द्यायची आणि मजलिसने त्यांतून एक निवडायचे. म्हणजे वंशाने उमेदवार पुढे करायचा आणि उम्मतने त्याला संमती द्यायची.

जानेवारी २००६ मध्ये अमीर शेख जाबिर यांचे निधन झाले. त्यांच्या जागी आलेले शेख साद गंभीर आजारी होते. मजलिसने मतदान करून त्यांना पदमुक्त केले आणि शेख सबाह अल-अहमद अमीर झाले. वंश तोच राहिला. पात्रतेचा निर्णय मात्र लोकप्रतिनिधींनी दिला. मे २०२४ मध्ये अमीर शेख मिशअल यांनी मजलिस बरखास्त करून घटनेतील काही कलमे जास्तीत जास्त चार वर्षांसाठी स्थगित केली. १ जून रोजी नवा युवराज नेमला गेला तेव्हा त्याची बैअत करायला मजलिसच अस्तित्वात नव्हती. वंशाचा भाग शाबूत राहिला, संमतीचा भाग रिकामा झाला.

वारस ठरलेला असला की गादीसाठी रक्तपात होत नाही, असे वंशपरंपरेचे समर्थक म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते पूर्ण सत्य नाही. ज्यांच्या वंशाला कुवेतची गादी बहाल झाली, ते शेख मुबारक स्वतः १८९६ मध्ये आपल्या भावांना ठार करूनच सत्तेवर आले होते. दुसरीकडे, नावात प्रजासत्ताक असल्याने प्रश्न सुटतो असेही नाही. सीरियात २००० साली पित्यामागून पुत्र राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्यासाठी घटनेतील वयाची अट कमी करण्यात आली. तेव्हा नावापेक्षा तत्त्व पाहिले पाहिजे.

सत्ता ही खरोखरच मालमत्ता असती, तर सूरह अन-निसाप्रमाणे तिचे सर्व वारसांत हिस्से पाडावे लागले असते. मुलींनाही वाटा द्यावा लागला असता. कोणतेही राजघराणे तसे करत नाही. ते एकालाच निवडते. याचा अर्थ, सत्ता ही वाटून घेण्याची मालमत्ता नव्हे, हे राजघराणीही आपल्या आचरणातून मान्यच करतात. मालमत्ता नसेल तर ती अमानत आहे आणि अमानतीसाठी पात्रता पाहावी लागते.

आपल्या पूर्वसुरींनी हा भेद ओळखला होता. हजरत उमर (रजि.) यांनी आपल्या पश्चात खलीफा निवडण्यासाठी सहा जणांची समिती नेमली. पुत्र हजरत अब्दुल्लाह (रजि.) यांना सल्ल्यापुरते ठेवले, खिलाफतीत वाटा दिला नाही. पुढे खिलाफत घराण्यात गेली आणि धर्मशास्त्रज्ञांपुढे पेच उभा राहिला : शासकाने स्वतःच्या मुलाला एकट्याच्या अधिकारात नेमावे काय? अकराव्या शतकातील इमाम मावर्दी यांनी यावरील मतभेद नोंदवले आहेत. नकार देणाऱ्यांचे म्हणणे असे की, पित्याची साक्ष पुत्राच्या बाजूने ग्राह्य नसते, मग संपूर्ण उम्मतवर पुत्राला नेमण्याचा निवाडा कसा ग्राह्य धरावा? मला हे म्हणणे अधिक न्याय्य वाटते.

जन्म हा दोष आहे, असा याचा अर्थ नाही. हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) उमय्या घराण्यातलेच होते. ७१७ साली आधीच्या खलीफाच्या मोहोरबंद वसीयतीने त्यांचे नाव पुढे आले. ते मिंबरवर गेले आणि आपल्याला लोकांचा सल्ला न घेता निवडले आहे, म्हणून लोक बैअतीतून मोकळे आहेत, असे त्यांनी जाहीर केल्याचे इतिहासकार सांगतात. लोकांनी त्यांनाच पुन्हा निवडले. जन्माने ते दारापर्यंत आले. आत त्यांना लोकांनी घेतले.

मी स्वतः इमामाचा मुलगा आहे. वडिलांच्या पश्चात जमातीने मुसल्ला माझ्याकडे सोपवला. आणखी कोणी अधिक पात्र आहे काय, असे त्या दिवशी कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. आता दरवर्षी रमजानपूर्वीच्या बैठकीत मीच तो प्रश्न मांडतो. ज्यांच्या घरात मशिदीचे मुतवल्लीपद किंवा मदरशाचे विश्वस्तपद पिढ्यानपिढ्या चालत आले आहे, त्यांनीही तो मांडून पाहावा. शासकाला त्याच्या रयतेविषयी अल्लाहच्या दरबारात विचारणा होणार आहे, तशी आपल्यालाही आपल्या लहानशा अमानतीविषयी होणार आहे. आणि तेथे, हे मला वडिलांकडून मिळाले, एवढे उत्तर पुरणार नाही.