वय किती होते?

वाचकहो, २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपल्या कानांवर मृत्यूच्या जितक्या वार्ता आल्या, तितक्या त्यापूर्वीच्या कितीतरी वर्षांत आल्या नसतील. कोरोनाने कोणी गेल्याचे कळले की आपण बहुतेक सर्वांनी एक प्रश्न हटकून विचारला: "वय किती होते?" उत्तर "४०" असे आले तर आपण सुन्न झालो, मागे राहिलेल्या लेकरांची चौकशी केली. उत्तर "७८" असे आले तर आपण "अरेरे" म्हटले खरे. परंतु अंतःकरणात कोठेतरी एक गाठ सैल झाली. जणू मृत्यूचा हिशेब जुळला. त्या सैल झालेल्या गाठीविषयी मी आज आपल्याशी बोलू इच्छितो, कारण ती माझ्याही अंतःकरणात होती.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, आपला प्रश्न निराधार नव्हता. भारतात या रोगाचा पहिला मृत्यू मार्च २०२० मध्ये कर्नाटकातील कलबुर्गी येथे नोंदला गेला. ते गृहस्थ ७६ वर्षांचे होते. त्याच महिन्यात मुंबईत जो पहिला मृत्यू झाला तो ६४ वर्षांच्या गृहस्थांचा. प्रौढ माणसाला कोरोना झाला असता तो कितपत गंभीर होईल, हे ठरविणाऱ्या कारणांत वय हे सर्वांत प्रबळ कारण ठरले. लस येण्यापूर्वी, मुख्यतः संपन्न देशांतील माहितीवरून, संशोधकांनी जो अंदाज बांधला तो असा: २५ वर्षांच्या १०,००० बाधितांपैकी सुमारे १ दगावतो, ५५ वर्षांच्या १,००० बाधितांपैकी ४, ६५ वर्षांच्या १,००० पैकी १४, ७५ वर्षांच्या १,००० पैकी ४६, आणि ८५ वर्षांच्या १,००० पैकी १५०. पंचावन्नाव्या वर्षापासून पाहिले तर दर दहा वर्षांनी धोका तिपटीहून अधिक वाढत जातो. आपल्या देशात तरुण आणि मध्यम वयाच्या माणसांची संख्या मोठी असल्यामुळे कर्ती माणसेही पुष्कळ गेली. तरीही वयाबरोबर वाढणाऱ्या धोक्याची चढण येथेही होती.

असे का व्हावे? छातीच्या हाडामागे असलेली थायमस नावाची ग्रंथी वयाबरोबर आकसत जाते. रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी तेथेच तयार होतात. त्यामुळे पूर्वी कधीही न भेटलेल्या विषाणूला ओळखणाऱ्या नव्या पेशींचा साठा उतारवयात तोकडा पडतो. विषाणू शिरताच शरीर जो पहिला धोक्याचा इशारा देते, तो इंटरफेरॉन या द्रव्याचा; वृद्धांमध्ये तो उशिरा किंवा क्षीणपणे दिला जातो. काहींच्या रक्तात तर याच द्रव्याला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे सापडली, आणि अशांचे प्रमाण सत्तरीनंतर वाढलेले दिसले. आरंभी दुबळा पडलेला प्रतिकार पुढे बेभान होतो आणि सूज फुप्फुसांना ग्रासते. त्यात मधुमेह, रक्तदाब, हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे विकार यांची भर पडते. शरीर मातीचे आहे हे आपण दफनविधीच्या वेळी ऐकतो. विज्ञानाने ती माती कशी झिजते तेवढे दाखवून दिले.

येथपर्यंत ज्ञान आहे, आणि ज्ञान निर्दोष आहे. परंतु याच ज्ञानातून आपण एक वाक्य तयार केले आणि त्याचा आडोसा घेतला: "वयच झाले आहे." त्या काळात डॉक्टरांच्या ध्यानात आले की, पुष्कळ वृद्धांना आरंभी ताप येत नव्हता की खोकला. ते जेवण टाकीत, गळून जात, तोल जाऊन पडत, कधी असंबद्ध बोलू लागत. घरची माणसे म्हणत, "वयच झाले आहे." वयानेच रोग भयंकर केला होता आणि वयाच्याच नावाखाली तो दृष्टीआड झाला. ज्याची अधिक काळजी घ्यावयाची, त्याच्याकडे पाहणे आपण थांबविले, तेही निष्ठुरपणे नव्हे, सवयीने.

आता दोन दरवाजे डोळ्यांपुढे आणा. पहिला लसीकरण केंद्राचा. आपल्या देशात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरणाला आरंभ झाला तो आरोग्यसेवकांपासून. १ मार्चपासून ६० वर्षांवरील सर्वांना आणि ४५ वर्षांवरील आजारी माणसांना लस मिळू लागली. १८ ते ४४ वर्षांच्या सर्वांसाठी हा दरवाजा १ मे रोजी उघडला. म्हणजे येथे वयाचा आकडा पाहून आपण वृद्धाला पुढे बोलाविले. दुसरा दरवाजा अतिदक्षता विभागाचा. ६ मार्च २०२० रोजी, उत्तर इटलीतील रुग्णालये भरून वाहू लागली असता, तेथील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने एक पत्रक काढले. साधने अगदीच अपुरी पडली तर अतिदक्षता विभागातील प्रवेशासाठी वयाची मर्यादा घालावी लागू शकते, असे त्यात म्हटले होते. येथे तोच आकडा पाहून वृद्धाला मागे उभे करण्यात आले. आकडा एकच, एका दारी तो म्हणाला, "आधी याला वाचवा," आणि दुसऱ्या दारी म्हणाला, "याला राहू द्या." आकड्याला स्वतःची नीती नसते. त्याला नीती आपण देतो.

इटलीतील त्या डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे. मी तो देणार नाही. दोन रोगी आणि एक यंत्र अशा प्रसंगी उभे राहण्याची वेळ आपल्यावर आली नाही, ही देवाची कृपा. परंतु त्या प्रसंगी दोन वेगळे प्रश्न एकात मिसळतात, ते निराळे केले पाहिजेत. "या उपचाराने हा रोगी जगेल काय?" हा वैद्याचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर देताना हृदय, मूत्रपिंडे आणि पूर्वीची शक्ती यांच्याबरोबर वयही पाहावेच लागते. "यांपैकी कोणाचे उरलेले आयुष्य अधिक मोलाचे?" हा प्रश्न वैद्यकाच्या कोणत्याही ग्रंथात सुटत नाही. इटलीच्या राष्ट्रीय जीवनीती समितीने एप्रिल २०२० मध्ये हाच भेद स्पष्ट केला: निकष रोग्याच्या वैद्यकीय स्थितीचा असावा, वय हे इतर बाबींबरोबर पाहावे, तेच एकमेव कारण होऊ नये.

यावर कोणी म्हणेल, "ज्याने ८० पावसाळे पाहिले त्याने ३० वर्षांच्या आईसाठी जागा सोडावी, यात अन्याय कोणता?" हा युक्तिवाद हलक्या मनाचा नाही, आणि शास्त्रलेख उघडले तर तेथेही तो आपल्याला अडखळवितो. लेवीय २७ मध्ये नवस फेडताना माणसांचे मोल रुप्यात ठरविले आहे. २० ते ६० वर्षांच्या पुरुषाचे ५० शेकेल, स्त्रीचे ३०. आणि ६० वर्षांनंतर पुरुषाचे १५, स्त्रीचे १०. परमेश्वराच्या नियमशास्त्रातच म्हाताऱ्याचा भाव उतरविला आहे काय? परंतु हा पवित्रस्थानात भरावयाच्या पैशाचा हिशेब आहे. तो बहुधा माणसाच्या अंगमेहनतीच्या शक्तीवरून धरलेला असावा. आणि नवस करणारा गरीब असेल तर याजकाने त्याच्या ऐपतीप्रमाणे रक्कम कमी करावी, अशी सोय तेथेच केली आहे. त्याच पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात पिकल्या केसांपुढे उठून उभे राहण्याची आज्ञा आहे, आणि ती देवाचे भय बाळगण्याशी जोडलेली आहे. पहिला नियम हातांची शक्ती मोजतो. दुसरा नियम काहीही मोजावयास सांगत नाही. तो आपल्याला जागेवरून उठावयास सांगतो.

मग वृद्धाने आपली जागा दुसऱ्याला देऊच नये काय? याचे उत्तर मला बर्जिल्लयाच्या कथेत मिळते. अबशालोमाच्या बंडामुळे दावीद राजा रानोमाळ भटकत असता या ८० वर्षांच्या गृहस्थाने महनाईम येथे त्याला अन्न पुरविले होते. पुढे राजा यरुशलेमेस परत निघाला तेव्हा त्याने बर्जिल्लयाला आपल्याबरोबर येऊन राहण्याचे निमंत्रण दिले. म्हातारा म्हणाला की, आता मला अन्नाची चव कळत नाही, गाणे ऐकू येत नाही. राजाला माझा भार कशाला? माझ्या जागी किम्हामाला न्यावे. किती सुंदर त्याग हा! परंतु क्रम पाहा. दावीदाने त्याला बोलाविले होते. "तू आता ८० वर्षांचा झालास, येऊन काय करणार?" असे राजा म्हणाला नाही. ते म्हणण्याचा अधिकार केवळ बर्जिल्लयाचा होता. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या एका सत्तरीला टेकलेल्या नेत्याने सांगितले की, देशाच्या अर्थव्यवस्थेसाठी आपल्यासारखे अनेक आजी-आजोबा जिवाची जोखीम पत्करतील. स्वतःपुरते बोलले असते तर तो त्याग होता. इतरांच्या वतीने बोलले आणि तो लिलाव झाला. जे वृद्धाने द्यावयाचे, ते तरुणाने काढून घ्यावयाचे नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस केरळातील एक कुटुंब इटलीहून गावी आले, आणि मार्चमध्ये घरातील ९३ वर्षांच्या आजोबांना व ८८ वर्षांच्या आजींना रोग लागला. दोघांनाही आधीचे विकार होते. कोट्टायमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना हिशेबातून वगळले नाही. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या एका परिचारिकेलाही बाधा झाली. ती बरी झाली. एप्रिलच्या आरंभी आजी-आजोबाही बरे होऊन घरी गेले. वर दिलेला ८५ वर्षांचा आकडा आता उलट बाजूने वाचून पाहा: १,००० बाधितांपैकी ८५० जण जगले. आपण मात्र "वयच झाले आहे" म्हणताना त्या ८५० जणांना आधीच निरोप देऊन बसलो होतो.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या साथीची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. लसीमुळे धोका पुष्कळ उतरला, पण वयाची चढण मोडली नाही. हा विषाणू आजही वृद्धालाच अधिक छळतो. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी जेवण टाकले, ते गोंधळल्यासारखे वाटले, तर वयाला दोष देण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा. त्यांच्या उपचारांविषयी निर्णय घेण्याची वेळ येईल तेव्हा त्यांच्या खाटेभोवती त्यांच्याविषयी बोलू नका; त्यांच्याशी बोला. ते धडधाकट असतानाच विचारून ठेवा की, त्यांना काय हवे आहे आणि काय नको आहे. आणि आपण स्वतः सत्तरी ओलांडलेली असेल तर, वाचकहो, आपली जागा सोडण्याचा बर्जिल्लयाचा अधिकार आपल्यालाही आहे. परंतु घरच्यांना भार होण्याच्या भयाने ती सोडू नका. भयाने दिलेले ते दान नव्हे.

वय विचारणे पाप नाही. परंतु पुढच्या वेळी "७८" हे उत्तर ऐकून अंतःकरणातील गाठ सैल होऊ लागली, तर आपण सर्वांनी क्षणभर थांबावे. मंदिरात रात्रंदिवस उपासना करणारी हन्ना ८४ वर्षांची होती. मरीया व योसेफ बालक येशूला घेऊन आत आले, त्याच घटकेला ती तेथे आली. कोणी तिचे वय विचारून तिला त्याआधीच निरोप दिला असता, तर त्या बाळाविषयी यरुशलेमेत सांगत फिरणारा एक आवाज तरी कमी झाला असता.