संख्या आणि संकल्प

नऊ एक ओळीने मांडून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग केला असता १२३४५६७८९८७६५४३२१ ही राशी येते. देवळाच्या शिखराप्रमाणे ती नवापर्यंत पायरीपायरीने चढते आणि तितक्याच पायऱ्यांनी उतरते. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी या कुळातील संख्यांस 'डेम्लो' हे नाव दिले, तेही एका रेल्वेस्थानकावरून; ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली!

हे शिखर त्या राशीचे की आपल्या लेखनाचे? दहावा एक जोडताच गुणाकारात हातचा येतो व शिखर ढासळते. दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा होतो. दहा बोटांवर मोजण्याच्या आपल्या सवयीची ही मर्यादा होय. बाराच्या पटीने मोजणारे लोक हीच राशी लिहितील, तेव्हा त्यांस तीत शिखर दिसणार नाही. परंतु ३ चा चतुर्थ घात, ३७ चा वर्ग व ३३३६६७ चा वर्ग यांच्या गुणाकाराने ती सिद्ध होते, ही गोष्ट त्यांनाही नाकारता यावयाची नाही.

मानलेले आणि असलेले यांतील हा भेद वकिली करणाऱ्यास नित्याचा आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले; पांढुर्णा व सौंसर हे मराठी बोलीचे मुलूख मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा निघाला. या रेषा माणसाने आखल्या आहेत. म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत, आणि त्या ओलांडून आम्हांस दावाही लावता येत नाही.

आता सौंसरजवळील जामसावळीच्या मारुतीपुढे कोणी लक्ष जपाचा संकल्प सोडला असे समजा. लक्ष हा आकडाही दहा बोटांचाच. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव नामांवर त्याचा देह पडला, तर संकल्प फळला की नाही? गणित म्हणेल, एक उणा तो उणाच. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचे पाचवे कलम मात्र, पुरेसे कारण दाखविल्यास, अपिलास झालेला विलंब माफ करू देते. संकल्प आम्हांस कायद्याच्या कुळातला वाटतो, कारण तो कोणाला तरी ऐकवून केलेला असतो. संख्येला ऐकणारा लागत नाही. अर्थात माफी देणे ऐकणाऱ्याच्या हाती. कंटाळून नव्वद हजारांनाच लक्ष म्हणणाऱ्या भक्ताला ती स्वतःच घेता येणार नाही.

आमच्या वडीलधाऱ्यांनी ही अडचण आधीच ओळखली असावी. माळेत मणी १०८, पण धरावयाचे शंभर. आठ मणी चुकल्यामाकल्याचे. लक्ष जपाला अशा हजार माळा लागतात, म्हणजे ओठांवर एक लाख आठ हजार नामे येतात. नऊशे सव्विसावी माळ संपते तेव्हाच नामे लाखापुढे गेलेली असतात, हिशेबात मात्र ९२,६०० च धरली जातात. साडेनऊशेव्या माळेवर एखाद्याचे डोळे मिटले, तर मागे राहिलेल्या पन्नास माळा त्याचा मुलगा ओढत बसतो, आणि त्याला कोणी अडवीत नाही.