अर्धा तास कुणाचा?



मी बडोद्यात पर्सनल ट्रेनर म्हणून काम करते. काहीजण जिममध्ये येतात, काहींच्या घरी मी जाते. आपल्या कुटुंब-समूहांतून, विशेषतः ताई-काकूंकडून, एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो : "सुरुवात करते गं, पण टिकत नाही. उत्साह कुठून आणायचा?" प्रश्न व्यायामाचा वाटतो. मला तो घराचा वाटतो, आणि कर्तव्याचाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

*उत्साह आणि नेम*

उत्साह पाहुण्यासारखा असतो. आला की घर भरून जातं, पण तो राहायला आलेला नसतो. एक जानेवारीला येतो, पाडव्याला येतो, रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की त्या संध्याकाळी येतो. आठ-दहा दिवसांत परत जातो. त्याच्या भरवशावर कुणी संसार करत नाही. सकाळी दूध तापवायला, मुलांचा डबा भरायला, देवापुढे दिवा लावायला आपण उत्साहाची वाट बघतो का? ती कामं होतात, कारण त्यांची वेळ ठरलेली आहे आणि जागा ठरलेली आहे. आपले वाडवडील याला नेम म्हणायचे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१० साली छापून आला. ९६ जणांनी रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडून एक नवं काम सुरू केलं. ते अंगवळणी पडायला किती दिवस लागतात, हे पाहिलं. मधला आकडा निघाला ६६ दिवस. माणसामाणसांत फरकही मोठा होता : १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. तेव्हा '२१ दिवसांत सवय लागते' असं जे फॉरवर्ड फिरतं, ते मनावर घेऊ नका. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर तुमच्यात काही खोट नाही. त्याच अभ्यासात आणखी एक दिलासा आहे. मधेच एखादा दिवस चुकला तरी त्याने फारसं बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचं, बस.

पण नेम बसायला रोज वेळेचा एक तुकडा मोकळा लागतो. आणि घरोघरी गाडी अडते ती इथेच.

*फी भरली, वेळ दिला नाही*

मी ज्यांच्या घरी जाते, त्यांतल्या एक काकू बासष्ट वर्षांच्या आहेत. घर एकत्र, माणसं प्रेमळ. सकाळी सात ते साडेसात ही त्यांची वेळ. त्या अर्ध्या तासात माझा टॉवेल कुठाय, स्कूटरची किल्ली दिसत नाही, दूधवाला आलाय, आजी माझी वेणी घाल, अशा हाका सुरू असतात. एका आठवड्यात मी लक्ष ठेवलं. पाच दिवसांत एकदाही त्यांना अर्धा तास सलग मिळाला नाही. व्यायाम नको असं घरात कुणीही म्हणालेलं नाही. उलट मुलगा रोज सांगतो, "आई, तब्येतीकडे बघ." फी त्यानेच भरलेली आहे.

मुलाने पैसे दिले, आणि घराने वेळ दिला नाही. मग आठवड्याने सगळे म्हणतात, आईला मोटिव्हेशनच नाही!

*चोचले की निगा?*

काकूंना विचारलं तर त्या हसून म्हणतात, "जाऊ दे गं. या वयात देहाचे चोचले कशाला? सगळ्यांचं नीट झालं की माझं झालं." हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आपल्यावर लहानपणापासून हेच संस्कार आहेत. देह नश्वर आहे, त्याचे लाड करू नयेत, दुसऱ्यासाठी झिजावं. संस्कार चांगले आहेत. प्रश्न इतकाच, की लाड कशाला म्हणायचं आणि निगा कशाला?

माझी कसोटी साधी आहे. आरशासाठी राखला तर चोचले. कामाला यावा आणि होता होईल तो कुणावर भार पडू नये म्हणून राखला तर निगा. गवंडी संध्याकाळी थापी धुऊन ठेवतो. त्याला थापीचा मोह आहे, असं कुणी म्हणत नाही. आणि नश्वर म्हणाल, तर शेजारून उसनी आणलेली कढई आपण स्वतःच्या कढईपेक्षा जपून वापरतो, कारण ती परत द्यायची असते.

शिवाय दुर्लक्षाचा हिशोब आपल्या एकट्याच्या नावावर राहत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात, साठीनंतर हा वेग आणखी वाढतो. दुखत नाही, म्हणून कळत नाही. मग एक दिवस खुर्चीतून उठताना दुसऱ्याचा हात लागतो, पुढे बाथरूममधून उठतानाही लागतो. तो हात कुणाचा असतो? बहुतेक घरांत सुनेचा, नाहीतर मुलीचा. म्हणजे आज एक बाई 'माझं काय' म्हणून स्वतःला मागे ठेवते, तेव्हा उद्याच्या दुसऱ्या बाईचा वेळही नकळत खर्ची टाकते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. आजार म्हणजे कसली शिक्षा नव्हे. नियमाने राहणाऱ्यांनाही आजार येतात. अंथरुणावरच्या माणसाला "व्यायाम केला असतास तर" असं ऐकवणं क्रूरपणाचं आहे. प्रयत्न आपल्याकडे आहे. फळाची हमी ट्रेनर देऊ शकत नाही, डॉक्टरही नाही.

पण उशीर झाला असंही समजू नका. १९९० साली बोस्टनच्या डॉक्टरांनी एका वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा अशक्त माणसांकडून पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला. नऊ जणांनी आठ आठवडे पूर्ण केले. त्यांच्या पायांची ताकद सरासरीने अडीचपटीच्या वर गेली, दोघांची तर काठी सुटली. नव्वदीत जे होतं, ते बासष्टीत का होणार नाही?

*तालमीची वेळ आणि आजीची वेळ*

घराने एखाद्याची वेळ राखायची, ही काही परदेशी कल्पना नाही. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत जुम्मादादा व्यायाममंदिर आणि प्रो. माणिकराव ही नावं अजून आदराने घेतली जातात. दहा खंडांचा मराठी 'व्यायामज्ञानकोश' याच शहरातून निघाला. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव इकडेही तालमी होत्या, अजून काही आहेत. त्या काळी मुलगा पहाटे तालमीला गेला की त्याला कामाला कुणी हाक मारत नसे. परत आल्यावर दूध आणि भिजवलेले हरभरे तयार असायचे. आज उत्साह आहे का रे, असं त्याला कुणी विचारत नव्हतं. त्याची वेळ सगळ्या घराने मान्य केलेली होती.

त्याच घरात आजी होती. पाणी भरायची, दळायची, चार माणसांच्या वाटचं काम करायची. तिच्या वाट्याला कष्ट भरपूर होते, पण तिच्या नावाचा अर्धा तास नव्हता. वाडे गेले, फ्लॅट आले, मिक्सर आला, तरी तो अर्धा तास अजून तिच्या नावावर झालेला नाही.

"दिवसभर राबते, तोच व्यायाम" असं आपण म्हणतो. घरकाम ही हालचालच आहे, ती वाया जात नाही. पण ओट्याशी तीन तास उभं राहून मांड्यांची ताकद वाढत नाही, पाय मात्र सुजतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि निदान दोन दिवस ताकदीचा. १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. आठवड्यात १०,०८० मिनिटं असतात. त्यातली १५० आपण आपल्या माणसाला देऊ शकत नाही का?

*शेवटचं ताट*

आहाराचंही असंच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे, साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या बाईला म्हणजे पन्नास ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा ग्रॅमच्या आसपास, पेलाभर दुधात तेवढीच, मूठभर शेंगदाण्यांत सात, एका अंड्यात सहा, ज्वारीच्या दोन भाकऱ्यांत दहाएक ग्रॅम. घरात बनतं त्यातच पन्नासचा हिशोब जमतो. पण सगळ्यांचं झाल्यावर जेवणारीच्या ताटात काय येतं? पातेल्याच्या तळाचं पातळ वरण, उरलेला भात, सकाळची पोळी. दही संपलेलं असतं.

उपवासाचंही बघा. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण उगीच नाही पडली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडी खायची तर थोडी खा, दाणे जास्त घाला, वाटीभर दही घ्या. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असं सांगितलं आहे. ताट कसं असावं, हा विचार तिथेही आहे. तरुण मुलं पावडरच्या डब्यांबद्दल विचारतात. शरीर कमावण्यासाठी प्रोटीनच्या पावडरी टाळा, असं याच संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात सांगितलं आहे. आधी डाळ, उसळ, दूध, अंडी नीट खा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

घरात खरोखर कमी होतं तेव्हा आईने स्वतः अर्धपोटी राहून मुलांना वाढलं, तो त्याग होता. आज डबे भरलेले असतानाही ती शेवटीच बसते. आता ती नुसती सवय उरली आहे, आणि त्या सवयीचा फायदा आपण सगळे घेतो. तिला 'तू थोर आहेस' म्हणणं सोपं आहे. तिच्यासाठी घट्ट वरणाची वाटी आधी काढून ठेवणं त्याहून खरं आहे.

काकूंनो, तुम्हालाही एक सांगते. कुणी वेळ दिला, वाटी दिली, तर "मला नको" म्हणू नका. देणं जमतं पण घेणं जमत नाही, यात थोडा अहंकारही लपलेला असतो. तुमच्याकडे बघूनच नात शिकते की बाईने स्वतःला कितव्या नंबरावर ठेवायचं.

*सुरुवात कशी?*

वाग्भटांनी अष्टांगहृदयात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा असं सांगितलं आहे. माझ्या भाषेत सांगायचं तर चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. पहिले पंधरा दिवस वीस मिनिटं चालणं. मग हात न टेकता खुर्चीतून उठ-बस दहा वेळा, भिंतीला हात लावून दंड दहा वेळा, टाचा उचलणं दहा वेळा. झेपेल तसं वाढवायचं. रक्तदाब, हृदय, गुडघे यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर लगेच थांबा आणि दवाखान्यात दाखवा.

घरच्यांसाठी एकच पथ्य : टोमणे बंद. "किती जाड झालीस", "दोन दिवसांत संपलं का तुझं?" या बोलण्याने कुणी उठून चालायला लागत नाही. लाजेने केलेला व्यायाम लाज बोथट झाली की थांबतो.

ज्या काकूंबद्दल लिहिलं, त्यांच्या घरी शेवटी उपाय निघाला तो माझ्या व्यायामातून नव्हे. नववीतल्या नातवाने सात ते साडेसातच्या हाका स्वतःकडे घेतल्या. दार तो उघडतो, दूध तो घेतो, टॉवेल तो शोधून देतो. काकूंचं मोटिव्हेशन तेव्हापासून बरं आहे!

या रविवारी जेवणं झाली की सगळे पाच मिनिटं बसा. घरात सगळ्यात जास्त हाका कुणाला मारल्या जातात ते आधी ठरवा. बहुधा एकमताने ठरेल. त्या व्यक्तीला विचारून तिचा अर्धा तास पक्का करा, आणि त्या वेळेत हाका कोण घेणार त्याचं नाव कागदावर लिहून फ्रिजवर लावा. निदान ६६ दिवस तो कागद काढू नका. समूहात वजनाचे आकडे किंवा फोटो टाकू नका. कुणाचा अर्धा तास ठरला आणि हाका कोण घेणार, एवढंच कळवा. वाट बघते.

🙏