भोपळा व्हायचंय

जरा बसा. मोबाईल पालथा ठेवा. भाड्याने मिळणाऱ्या पोशाखांचे फोटो त्यात आहेत, ते कुठं पळून जात नाहीत. स्नेहसंमेलनातली वेशभूषा स्पर्धा तोंडावर आली आहे आणि लेकराला काय बनवायचं हे ठरत नाही. शिवराय, जिजाऊ, राधा, कृष्ण, डॉक्टर, भाजीवाली, बोलणारं झाड ही यादी उदगीरलाही पाठ आहे आणि पुण्यालाही. तिकडं परदेशात ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनआधी आईबापांची हीच तारांबळ उडते, फक्त यादीत भुतं जास्त.

आता डोळे मिटा आणि लेकरू स्टेजवर उभं आहे असं मनात आणा. समोर कोण कोण दिसतंय? बाई, परीक्षक, शेजारी, आणि ज्यांना फोटो पाठवायचा ते सगळे नातेवाईक. गर्दी बरीच झाली. एकेकाला उठून जाऊ द्या, घाई नको. लेकरू एकटं उरेपर्यंत थांबा.

मग रात्रीची गोष्ट आठवा. 'परत सांग' असं ते नेमकं कुठं म्हणतं? राजकन्येच्या लग्नापाशी बहुधा नाही. म्हातारी लेकीकडून परत निघते, वाटेत वाघ आणि कोल्हा टपून बसलेले असतात, आणि ती भोपळ्यात बसून गडगडत निसटते, तिथं म्हणत असेल. उद्या त्याला विचारा, तुला कोण व्हायचंय? कदाचित म्हणेल, "मला म्हातारी नाही, भोपळा व्हायचंय."

हसू येईल. येऊ द्या, पण उत्तर लगेच देऊ नका. भोपळ्याकडं थोडा वेळ त्याच्या नजरेनं बघा. तो गोल आहे, पळतो, बोलतो, वाघाच्या देखत जातो तरी वाघाला त्याचं काही करता येत नाही, आणि त्याच्या पोटात कुणीतरी सुखरूप बसलेलं असतं. एवढं सगळं व्हायला मिळत असताना मुकुट कोण मागेल? हे त्याला समजावून सांगायला जाऊ नका, ते त्याला आधीच ठाऊक आहे.

हॅलोविनलाही मान भोपळ्याचाच. आयर्लंडमध्ये लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. अमेरिकेत गेल्यावर भोपळा हाताशी आला. त्यांचा भोपळा भुतांना घाबरवतो, आपला वाघाला बनवतो. मला आपलाच जास्त आवडतो.

आणि मुलगी म्हणाली, मला चेटकीण व्हायचंय, तर? आत काहीतरी आखडेल. ते आखडणं दाबू नका, नुसतं बघा. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगवली आणि ती बच्चेकंपनीची लाडकी झाली. ज्याची रात्री भीती वाटते तेच अंगावर चढवून बघावं, असं पोरांना वाटतं. त्यात अपशकुन कसला?

रूप घेण्याचा विषय निघालाच आहे, तर उदगीरच्या किल्ल्यात लेकराला एकदा फिरवून आणा. खंदक, बुरूज, पडके महाल पाहून गोष्टीतला राजवाडा त्याला खराच वाटेल. तुम्ही मात्र तिथं दुसरी गोष्ट आठवा. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला उदगीरच्या लढाईत नमवलं. पुढच्या जानेवारीत पानिपत झालं. भाऊ गेले हे अनेकांना पटेना, आणि मग एक माणूस 'मीच भाऊ' म्हणत उभा राहिला. लोक त्याच्या मागं गेले. १७७६ मध्ये त्याचं बंड मोडलं आणि त्याला देहदंड झाला. त्याला आपण तोतया म्हणतो. बहुरूपी त्याहून वेगळा. पोलीस बनून तो दारात दरडावतो, पोरं आईच्या पदराआड लपतात, मग हसून दक्षिणा मागतो. लेकराचं नातं या दुसऱ्याशी. तोंड झाकून "ओळखा मी कोण?" विचारताना आपण ओळखावं हीच त्याची इच्छा असते. दोघांनाही सगळं माहीत असतं, तरी दोघं विश्वास ठेवतात. आपल्याला हे शेवटचं कधी जमलं होतं, यावर हवा तितका वेळ रेंगाळा.

पुढचं काम हाताचं. आजीचं जुनं केशरी लुगडं, आत कापूस, हात बाहेर काढायला भोकं. भाड्याच्या जाळीदार झग्यानं मान खाजते आणि स्टेजवर ते पोर ती खाजवतच राहतं. लुगडं मऊ असतं. शू लागली तर पोशाख झटकन निघायला हवा, हे विसरू नका. देठ पुठ्ठ्याचा, पण तो त्यालाच रंगवू द्या, वाकडातिकडा झाला तरी. 'भाज्या खा, निरोगी राहा' असला संदेश भोपळ्याच्या तोंडी घालू नका. माईकपुढं काय बोलायचं ते त्यालाच विचारा. काही न बोलता स्टेजच्या या टोकाहून त्या टोकाला गडगडत जाईन म्हणालं, तर बाईंना आधी तेवढं सांगून ठेवा.