कुरर, टिटवी आणि चाळीस पिक्सेल



आजचं वाचन : एकनाथी भागवत, अध्याय नववा, सुरुवातीचा भाग. अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतोय आणि आज पाळी आहे कुरर पक्ष्याची.

गोष्ट अगदी छोटी. कुरराच्या तोंडात मांसाचा तुकडा असतो. ज्यांच्याकडे तुकडा नाही असे दांडगे पक्षी त्याच्या मागे लागतात, टोचून हैराण करतात. तो तुकडा टाकून देतो आणि त्याच क्षणी मोकळा होतो. संपली गोष्ट. मूळ भागवतात याला पुरते दोन श्लोकही लागत नाहीत.

पण मी अडकलो भलतीकडेच. कुरर म्हणजे नक्की कोण?

लहानपणी चोवीस गुरूंची जी यादी पाठ केली, तिच्यात ‘टिटवी’ होती. काही याद्यांमध्ये घार असते. आता टिटवी आमच्या बोईसरला रोज दिसते, रात्री-अपरात्री ओरडून झोपमोड करते. ती जमिनीवर फिरून किडे टिपते. मांसाचा तुकडा घेऊन आभाळात पळणारी टिटवी मी तरी पाहिली नाही. काही अभ्यासक म्हणतात, कुरर म्हणजे ऑस्प्रे, पाण्यात सूर मारून मासा उचलणारा शिकारी पक्षी. तो थंडीत आपल्या किनाऱ्यावरही येतो. हे वाचलं आणि पोटात खड्डा पडला, कारण चार दिवसांपूर्वीच मी एका ऑस्प्रेवरून घरात पाप करून बसलो होतो.

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक खेळ चालतो, ‘ओळखा पाहू’. कुणीतरी मोबाईलवर लांबून काढलेल्या फोटोतला नखाएवढा पक्षी कापून टाकायचा आणि बाकीच्यांनी नाव सांगायचं. फोटो जितका वाईट तितकी मजा जास्त. वंचक तर दर वेळी सगळ्यांना फसवतो. चिखलात बसलेला असला की चिखलाच्याच रंगाचा ढिगारा, आणि उडाला की पांढरेशुभ्र पंख. एकाच पक्ष्याचे दोन फोटो टाकले तर दोन वेगळी नावं येतात.

रविवारी सातपाटीला पापलेट आणायला गेलो होतो. बंदराजवळ घारींची नेहमीसारखी गर्दी होती. त्यांत एक पक्षी वेगळा वाटला म्हणून पटापट फोटो काढले. रुंदीला जेमतेम चाळीस पिक्सेल! घरी येऊन त्यातला एक ग्रुपवर टाकला. सगळे म्हणाले घार. मीही म्हणालो घार.

मग बाबांचा व्हॉइस मेसेज आला. बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याने मधलं दिसतच नाही, फक्त कडेकडेचं दिसतं. ते फोटो बघतच नाहीत, विचारतात. “काय करत होता तो?” मी लिहिलं, दोन घारी मागे लागल्या होत्या. “मग पायात काहीतरी असणार. उगाच कुणी मागे लागत नाही. मासे मारणारा आहे तो, घार नाही.”

मी काय उत्तर द्यावं? “बाबा, तुम्हाला समोरचा चहाचा कप दिसत नाही, मासा कुठून दिसला?” वर हसणारे दोन चेहरे. ग्रुपवर अकरा माणसं. सगळ्यांनी हसणारे चेहरे टाकले. बाबांनी काहीच टाकलं नाही.

रात्री बाकीचे फोटो मोठे करून पाहिले. मोठं केल्याने माहिती वाढत नाही हे मला कळतं, तेच माझं काम आहे. मधले रिकामे ठिपके सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. पण सातव्या फोटोत अंदाजाची गरजच नव्हती. पक्षी आडवा वळला होता. पोट पांढरं, पंख लांब आणि मनगटात वाकलेले, आणि पायांत मासा, तोंड पुढच्या बाजूला करून धरलेला. ऑस्प्रे मासा असाच धरून नेतो.

तो फोटो मी चार दिवस कुणाला दाखवला नाही. डिलीटही केला नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये, विरारला गाडी बदलताना, जेवताना, सारखं डोक्यात. बाबांना फोन करायचा तर आधी इकडचं-तिकडचं काय बोलायचं ते ठरवावं लागायचं. ग्रुपवर कुणी साधा ‘घार’ शब्द लिहिला तरी छातीत धस्स व्हायचं. बाहेरून कुणी टोचत नव्हतं. जिंकल्याचा एक कुजका तुकडा तेवढा मी तोंडात धरून होतो.

आणि आज हा अध्याय.

भागवताने कुरराचं वर्णन बघा कसं केलंय. पिसांचा रंग नाही, चोचीचा आकार नाही, कुठे राहतो ते नाही. पक्षीनिरीक्षकाच्या दृष्टीने अगदीच धूसर फोटो. फक्त त्याने काय केलं तेवढं सांगितलंय. म्हणून टिटवी म्हणा, घार म्हणा, ऑस्प्रे म्हणा, अवधूताचं काही अडत नाही. बाबाही तेच विचारत होते, कसा दिसतो ते नाही, काय करत होता. नाथांनी काशीत हा ग्रंथ पूर्ण केला तो शके १४९५ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७३. साडेचारशे वर्षांनी एक इंजिनिअर पक्ष्याचं नाव शोधत बसला आणि तुकडा विसरला!

आणखी एक गोष्ट आज पहिल्यांदा लक्षात आली. कुरराला मारणारे पक्षी वाईट होते असं अवधूत कुठेच म्हणत नाही. त्यांना तुकडा हवा होता, कुरर नको होता. तुकडा पडला की ते त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मला वाटत होतं, चूक कबूल केली की अकराजण महिनाभर चिडवतील.

सकाळी सव्वासातला सातवा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, “बाबा बरोबर होते. मला रविवारी रात्रीच कळलं होतं. जे बोललो ते फार वाईट बोललो.” दोन अंगठे आले, एक नमस्कार आला, आणि मावशीने लगेच तिच्या गच्चीवरच्या कसल्याशा काळ्या ठिपक्याचा फोटो टाकला, “हा ओळखा.” महिनाभर कसलं, चार मिनिटंही नाही.

बाबांचा मेसेज दुपारी आला. माझ्या माफीबद्दल एक अक्षर नाही. आवाजात मागे कुकरची शिट्टी.

“मग मासा शेवटी कुणी खाल्ला रे?”

मला माहीत नाही. मी तेव्हा स्क्रीनकडे बघत होतो. शनिवारी त्यांना घेऊन सातपाटीला जाणार आहे. घारी कुठे जमल्यात ते मी सांगेन, बाकीचं ते.

उद्या नववाच अध्याय, पुढचा गुरू : बालक.

राम कृष्ण हरी!