पासिंग झालंय

बाबांची आरएक्स १०० १९९४ची. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. २०२४मध्ये चौथी खेप होती. साहेबांनी चेसिस नंबर, हॉर्न, हेडलाइट, ब्रेक पाहिले. पास. पुढच्या ब्रेकच्या केबलच्या दोन तारा लिव्हरपाशी तुटल्या होत्या. त्यांना दिसल्या नाहीत, मला माहीत होत्या.

दुसऱ्या दिवशी मित्राने सिंहगडला जायला गाडी मागितली. “कंडिशन कशी आहे रे?”

“कालच पासिंग झालंय.”

शब्द न् शब्द खरा, आणि तरी मी खोटं बोललो होतो.

कोड लिहिताना मला हे कळतं. टेस्ट पास झाली म्हणजे तिने जे विचारलं तेवढ्याचंच उत्तर मिळालं. न विचारलेला बग तसाच राहतो. तपासणी ही अनोळखी लोकांमधली किमान अट. मित्राने मात्र मला विचारलं होतं. ज्याला जास्त माहीत, त्याची जबाबदारी जास्त. शिक्क्याने ती कमी होत नाही.

तो किल्ली घेऊन जिन्यापर्यंत पोचला, तेव्हा हाक मारली. आधी केबल बदलली.

जुनी गाडी भरवशाची असते का? तिचा मालक खरं सांगत असेल, तर बऱ्यापैकी.