याकोबाचे लंगडणे

याब्बोक नदीच्या काठी याकोबाने रात्रभर केलेल्या झुंजीची कथा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना सांगतो, तेव्हा ती बहुधा आशीर्वादापाशी थांबवतो. याकोबाने त्या अनोळखी पुरुषाला सोडले नाही, त्याला ‘इस्राएल’ हे नवे नाव मिळाले, उजाडले आणि कथा संपली. परंतु उत्पत्तीच्या ग्रंथातील बत्तिसावा अध्याय तेथे संपत नाही. सूर्य वर आला तेव्हा याकोब लंगडत चालला होता. झुंजीत त्याच्या मांडीचा सांधा निखळला होता. इस्राएल लोक जनावराच्या मांडीच्या सांध्यावरचा स्नायू खात नाहीत, याचे कारणही तेथेच नोंदलेले आहे. एका माणसाच्या दुखऱ्या खुब्याची आठवण एका अख्ख्या समाजाने स्वयंपाकघरात जपून ठेवली! सेमिनरीत मी या अध्यायाचा अभ्यास केला, परीक्षेत त्यावर उत्तर लिहिले, पुढे प्रवचनेही दिली. पण तो खुबा माझ्या ध्यानात आणून दिला तो कागलच्या एका निवृत्त शिक्षिकेने.

कोल्हापूरहून बेळगावकडे जाताना दूधगंगेच्या पुलाअलीकडे कागल लागते. तेथे आपली कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. त्यांतली काही पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत नोकरीच्या निमित्ताने आलेली. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी मिस्सा होते. बाईंचे घर त्यांपैकी एक. सारी गल्ली त्यांना ‘बाई’ म्हणते, म्हणून मीही म्हणतो. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मोरीत पाय घसरून त्यांच्या मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले आणि तेथे कृत्रिम सांधा बसवावा लागला. दुसऱ्या दिवशी त्या वॉकर धरून उभ्या राहिल्या, दीड महिन्यात अंगणात फिरू लागल्या. आम्ही मिस्सेत आभार मानले.

तिसऱ्या महिन्यात जांघेत दुखू लागले. आधी चालताना, मग कुशीवर वळताना, मग काहीच न करताना, रात्री दोन वाजता. रुग्णालयात नवा एक्स-रे काढला. एक्स-रे उत्तम होता. सांधा जागेवर होता. वयोमानाने वेळ लागतो, असे सांगण्यात आले. व्यायाम कमी पडतो, असे व्यायाम शिकवणाऱ्यांचे मत पडले. भेटायला येणारे पाहुणे अमक्यातमक्यांचे दाखले देत: तीच शस्त्रक्रिया, तेच वय, आणि दोन महिन्यांत जोतिबाचा डोंगर चढून आले म्हणे. आजाऱ्याच्या उशाशी असे डोंगर चढणारे लोक नेहमी कुठून गोळा होतात, कोण जाणे.

त्या सुमारास मी त्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी गेलो होतो. प्रार्थना झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘फादर, फोटोत काही दिसत नाही म्हणतात. मग हे दुखणं खरं, का माझ्या मनाचं?’

मी म्हणालो, ‘बाई, प्रभूच्या क्रुसाशी जोडून ते अर्पण करा.’

हे वाक्य चुकीचे नव्हते. ख्रिस्तसभेची ती जुनी, अनुभवसिद्ध शिकवण आहे आणि आजही मी ती देतो. परंतु बाईंनी ते विचारलेच नव्हते. दुखणे खरे की मनाचे, एवढेच त्यांनी विचारले होते, आणि त्यावर मी काहीच बोललो नव्हतो. त्यांनी मात्र माझे ऐकले. ‘फादरांनी सांगितलंय,’ असे सुनेला सांगून त्यांनी कण्हणे बंद केले. प्रभूने क्रुसावर गंधरस मिसळलेला द्राक्षारस नाकारला होता, या आधारावर वेदनाशामक गोळ्याही निम्म्या केल्या. चार महिने डॉक्टरांकडे गेल्या नाहीत. एका रात्री हुडहुडी भरून ताप चढला, जुन्या टाक्यांच्या टोकाशी लाली आली, आणि तिसऱ्या दिवशी तेथून पू वाहू लागला.

दुसऱ्या रुग्णालयात रक्त आणि सांध्यातले पाणी तपासले गेले. कृत्रिम सांध्याच्या भोवती खोलवर जंतुसंसर्ग होता आणि तो बहुधा कित्येक महिने धुमसत होता. असा मंद संसर्ग एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसतच नाही; रक्ताची आणि त्या पाण्याची तपासणी करावी लागते. जंतू धातूच्या पृष्ठभागावर थर करून बसतात, तेथे नुसते औषध पोहोचत नाही. म्हणून सांधाच काढावा लागला. त्या जागी प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवला, सहा आठवडे सलाईनमधून औषध चालले, आणि काही महिन्यांनी नवा सांधा बसवला. हे सारे एका बाईच्या अंगावर दोन वर्षांत झाले. आज त्या वॉकरने चालतात. एक पाय सुमारे एक इंचाने आखूड आहे, बुटाला जाड तळ लावला आहे, आणि दुखणे कमी झाले तरी गेलेले नाही.

पहिल्या रुग्णालयाचा त्यात दोष किती, हे मी ठरवू शकत नाही. संसर्ग उत्तमातल्या उत्तम ठिकाणीही होतो. माझा दोष मात्र मला ठाऊक आहे. तो मी पापनिवेदनात सांगितला आणि बाईंपुढेही सांगितला. देवाला वेदना अर्पण करणे आणि माणसांपुढे वेदनेविषयी गप्प बसणे, या दोन गोष्टी आपण एकच का मानतो, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

शस्त्रक्रियेनंतर उद्भवणाऱ्या वेदनेची जात निराळी असते. रोगाची वेदना कुणीही दिलेली नसते. ही वेदना बरे करायला आलेल्या हातांतून आलेली असते. रुग्णाने स्वतः संमतिपत्रावर सही केलेली असते, मुलाने रजा काढलेली असते, कधी दागिने गहाण पडलेले असतात. शिवाय डॉक्टर म्हणजे देवमाणूस. अशा वेळी ‘मला अजून दुखते’ असे म्हणणे म्हणजे कृतघ्नपणा, असे रुग्णालाच वाटू लागते. त्यात धर्मगुरूने अर्पणाची भाषा वापरली की तोंड बंद व्हायला दुसरे काही लागत नाही.

खुब्याचा सांधा बदलण्याची आजची पद्धत ज्यांनी घडवली, त्या इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयाच्या जॉन चार्न्ली या शल्यविशारदांची हकिकत या संदर्भात सांगण्याजोगी आहे. १९६२ च्या अखेरीस त्यांनी धातूचा गोळा आणि घट्ट प्लास्टिकची वाटी असा सांधा बसवला आणि तो टिकला. परंतु त्याआधी काही वर्षे ते वाटीसाठी टेफ्लॉन वापरत होते. सुमारे ३०० शस्त्रक्रिया तशा झाल्या. सुरुवातीला रुग्ण आनंदाने चालू लागले. मग टेफ्लॉन झिजले, त्याच्या भुकटीने भोवतालची हाडे खराब होऊ लागली आणि वेदना परत आली. चार्न्लींनी ‘वयोमानाने होते’ असे म्हटले नाही. भुकटीने शरीरात काय होते हे पाहण्यासाठी त्यांनी तो पदार्थ स्वतःच्या मांडीत टोचून घेतला, आणि बिघडलेले सांधे काढण्याच्या शस्त्रक्रिया स्वतः केल्या. समेट संस्कारासाठी मी आयुष्यभर बसत आलो आहे. पश्चात्ताप इतक्या शब्दशः आपल्या देहावर घेतलेला मी फारसा पाहिलेला नाही.

याच्या उलट अनुभव आपल्या देशाला आणि महाराष्ट्राला आला. जॉन्सन अँड जॉन्सन उद्योगसमूहातील डिप्यू या कंपनीचा ‘एएसआर’ नावाचा सांधा होता. त्यात गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची. घर्षणाने कोबाल्ट आणि क्रोमियम हे धातू रक्तात उतरत, सांध्याभोवतीचे मांस सडत जाई. ऑस्ट्रेलियातून हा सांधा २००९ च्या अखेरीस मागे घेण्यात आला, जगभरातून ऑगस्ट २०१० मध्ये. तोवर जगात सुमारे ९३,००० आणि भारतात सुमारे ४,७०० सांधे बसवून झाले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदवली. काही मोजके रुग्ण वर्षानुवर्षे कार्यालयांचे उंबरठे झिजवत राहिले, कुबड्या घेऊन. लूकच्या शुभवर्तमानातील अन्यायी न्यायाधीशाला सळो की पळो करणाऱ्या विधवेसारखे. केंद्र सरकारने नेमलेल्या डॉ. अरुण अगरवाल समितीने २०१८ मध्ये प्रत्येकी किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंतचे सूत्र ठरवले. परंतु त्या चौकशीतली एकच गोष्ट माझ्या मनात रुतून बसली आहे. साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नव्हता.

हे लोक कोठे होते? काही निवर्तले असतील, काहींचे पत्ते बदलले असतील. काहींना दुखण्याचे कारण कधी कळलेच नसेल. वय झाले, असे घरच्यांनी म्हटले असेल. आणि त्यांच्यापैकी एखादीला माझ्यासारख्या कुणा फादरने ‘अर्पण करा’ असे सांगितले नसेल, याची खात्री कोण देईल?

यावर एखादा श्रद्धाळू वाचक विचारील: मग दुःखसहनाला काही अर्थच नाही का? आहे, आणि तो शिकवणाऱ्या पोप संत दुसऱ्या जॉन पॉल यांचीच साक्ष मी काढणार आहे. ११ फेब्रुवारी १९८४ रोजी त्यांनी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थाविषयी ‘साल्विफिची दोलोरिस’ हे पत्र लिहिले. दहा वर्षांनी, एप्रिल १९९४ मध्ये, ते स्नानगृहात घसरून पडले, उजव्या मांडीचे हाड मोडले आणि रोमच्या जेमेल्ली रुग्णालयात त्यांच्या खुब्यात कृत्रिम भाग बसवण्यात आला. बाईंना हे सांगितले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, ‘म्हणजे पोप महाशयांचीही मोरीच निसरडी!’ डोंगरांत भटकणारा, बर्फावर घसरखेळ खेळणारा हा माणूस त्यानंतर पूर्वीसारखा कधीच चालला नाही. हाती काठी आली, पुढे चाकांचा मंच आला. नव्या देशात उतरल्यावर वाकून जमिनीचे चुंबन घेण्याची त्यांची रीत होती. नंतरच्या वर्षांत तेथील माती भांड्यात घालून त्यांच्या ओठांपर्यंत उचलून धरावी लागे.

रुग्णालयातून परतल्यावर त्या मे महिन्यात त्यांनी लोकांना सांगितले, की ख्रिस्तसभेला तिसऱ्या सहस्रकात नेण्यासाठी प्रार्थना आणि उपक्रम पुरेसे नाहीत, दुःखसहनही लागते, हे आपल्याला उमगले आहे. हे अर्पणच होते. पण ते त्यांनी खिडकीत उभे राहून, साऱ्या जगासमोर, ‘मला दुखते’ हे न लपवता केले. त्यांनी वैद्य नाकारले नाहीत, काठी नाकारली नाही. शिवाय त्यांच्या त्या पत्राचा एक अख्खा भाग भल्या शोमरोन्यावर आहे, हे आम्ही प्रवचनकार सोयीस्करपणे विसरतो. क्रुसाची पाने आजाऱ्याला वाचून दाखवायची आणि शोमरोन्याची पाने मिटून ठेवायची, हे अर्धे वाचन झाले. ती पाने आपल्याला उद्देशून आहेत. शोमरोन्याने जखमी माणसाला ‘अर्पण कर’ असे सांगितले नाही. त्याने जखम पाहिली, तेल आणि द्राक्षारस ओतला, पदरचे पैसे भरले, आणि परत येऊन चौकशी करण्याचे कबूल केले. बाईंच्या बाबतीत मी जखम पाहिलीच नव्हती.

गोळ्यांविषयीही आमचे बोलणे झाले. पोप बारावे पायस यांनी १९५७ च्या फेब्रुवारीतच स्पष्ट केले होते, की वेदना शमवणारे औषध घेण्यात ख्रिस्ती माणसाला कसलाही प्रत्यवाय नाही. ‘आणि प्रभूने शेवटी आंब घेतलीच की,’ असे मी योहानाच्या शुभवर्तमानाचा हवाला देऊन म्हणालो. बाईंना ते पटले. वाद घालण्याची त्यांना हौस आहे, पण हट्ट नाही.

आता त्या एक वही ठेवतात. शिक्षिकेची सवय, पायाला रोज दहापैकी गुण देतात. ‘सोमवार, चार. रात्री दोनदा जाग. मंगळवार, सहा. परसापर्यंत गेले.’ ही वही त्या प्रत्येक वेळी डॉक्टरांसमोर ठेवतात, आणि हे डॉक्टर ती वाचतात. तीच वही मिस्सेच्या वेळी त्यांच्या मांडीवर असते. त्या तिचे काय करतात, हे मी विचारलेले नाही.

मिस्सेचीच एक अडचण राहिली होती. घरातल्या मिस्सेत आम्ही सारे सतरंजीवर बसतो, वेदी म्हणजे चौरंग. बाईंना मांडी घालता येत नाही, गुडघे टेकता येत नाहीत. त्या एकट्याच उंच खुर्चीवर. एकदा त्या ओशाळून म्हणाल्या, ‘अभिषेकाच्या वेळी प्रभू खाली आणि मी वर. बरं दिसत नाही.’ पुढच्या महिन्यात त्यांच्या सुनेने शेजारून एक मेज मागून आणले. गैबीपीराच्या उरुसात ज्यांच्या घरून दरवर्षी मलिदा येतो, त्या घरचे. मी उभा राहून मिस्सा केली, आणि दोन म्हाताऱ्यांनी ‘आम्हालाही खुर्ची द्या’ म्हणून मागणी केली. ते इतके दिवस बोलले नव्हते.

त्या संध्याकाळी बाईंनी मला याकोब दाखवला. बत्तिसाव्या नव्हे, तेहेतिसाव्या अध्यायातला. एसावाशी भेट झाल्यावर तो भाऊ म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब म्हणतो, तू पुढे हो. माझी मुले कोवळी आहेत, गुरे पाजती आहेत, मी त्यांच्या चालीने सावकाश येतो. हे वाचून बाईंनी चश्मा काढला.

‘मुलांचं निमित्त सांगितलं त्यानं, फादर,’ त्या म्हणाल्या. ‘पाय दुखत असणार त्याचा.’